जुन्या काळची हेअरस्टाईल आजच्या डोक्यावर: शिकाऊ स्टायलिस्टसाठी पहिल्या फोटोपासून शेवटच्या पिनेपर्यंत

हेअरचा कोर्स करताना मला पहिल्यांदा जेव्हा एखाद्या जुन्या काळावरून लुक करून दाखवायला सांगितलं तेव्हा मी चार तास खपून 1940 च्या दशकातली हेअरस्टाईल जशीच्या तशी उभी केली होती, दोन्ही बाजूंना गोल गोल रोल, मागे वळवलेल्या बटा, वर लाल लिपस्टिक पण, आणि मॉडेल मैत्रिणीने आरशात बघून एवढंच विचारलं की नाटक कितीला सुरू होतंय. हसलो दोघी पण मला ते लागलं, कारण तिचं बरोबर होतं. काम स्वच्छ होतं, पण ती हेअरस्टाईल नव्हती, वेशभूषा होती.

तेव्हापासून मी एकच पद्धत वापरते आणि हा सगळा लेख त्याच्यावरच आहे. जुनी स्टाईल आधी एकदा डमीवर, म्हणजे केस लावलेल्या सरावाच्या डोक्यावर, पूर्ण, प्रामाणिकपणे, जमेल तेवढी त्या काळच्या रीतीने करायची, आणि मग एकेक गोष्ट काढत जायची, जोपर्यंत फक्त एकच खूण उरते. बाकी सगळं आजचं. बरेच जण उलटं करतात, साध्या पोनीटेलला एखादा रोल चिकटवतात आणि व्हिंटेज म्हणून मोकळे होतात, तो रोल मग उपरा दिसतो, कारण तो कशावर उभा असतो हेच करणाऱ्याला माहीत नसतं.

आधी काळ निवडा, आणि तो छोटा निवडा

"व्हिक्टोरियन" हा काही काळ झाला नाही ओ, राणी व्हिक्टोरिया 1837 ते 1901 गादीवर होती, तेवढ्यात केस कानावरून खाली चापून बसवलेले होते तिथपासून कपाळावर फुगवलेल्या डोंगरापर्यंत जाऊन आले. 1770 चं दशक आणि 1780 चं दशक शेजारी ठेवून बघा, पहिल्यात केस आभाळात चाललेत, दुसऱ्यात आडवे पसरलेत. त्यामुळे दहा वर्षांचा तुकडा घ्या. आणि एकच देश.

मग फोटो, चित्रं गोळा करा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्यांच्याकडच्या हजारो वस्तूंचे मोठे फोटो फुकट डाउनलोडला ठेवलेत, तिथून सुरुवात करा. पिनबोर्ड टाइप साइटवर "1920 लुक" म्हणून जे येतं त्यातलं निम्मं आजकालच्या फोटोशूटचं असतं, म्हणजे तुम्ही कॉपीची कॉपी करत बसता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पेंटिंग समोरून असतं. मागे काय चाललंय ते चित्रकार दाखवत नाही, आणि त्याला पैसे देणारी बाई सुंदर दिसायला हवी म्हणून तो दोन बटा वाढवूनही देतो. फॅशन प्लेट्स, म्हणजे जुन्या मासिकातली रंगवलेली चित्रं, त्याहून जास्त थापा मारतात. याउलट पुतळा चारी बाजूंनी असतो. म्हणून मी नवशिक्यांना नेहमी रोमन पुतळे बघायला सांगते. रोमच्या कॅपिटोलिन म्युझियममधला फोन्सेका बस्ट नावाचा अर्धपुतळा शोधा, कपाळावर कुरळ्यांची उंच कमान आणि मागे वेण्यांचा गुंडाळलेला अंबाडा, दोन्ही नीट दिसतं. एका स्टाईलचे किमान तीन अँगल मिळाले नाहीत तर ती स्टाईल सोडून दुसरी घ्या.

मग ती स्टाईल उसवा

कागद पेन्सिल घ्या. आधी फक्त बाहेरची रेघ काढा, आत काळं भरा, सावलीसारखं. चेहरा नको, बटा नकोत. ही सावली बघून काळ ओळखू आला पाहिजे. 1960 सालची बीहाइव्ह (मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच फुगवलेली रचना) काढली तर अंडं दिसेल, 1780 ची काढली तर ढग, 1920 ची काढली तर हेल्मेट.

त्यानंतर स्वतःला विचारा: भांग कुठे आहे? फुगवटा कुठे आहे, कपाळावर, टाळूवर, कानाजवळ की मानेवर? केसांचा पोत काय, गुळगुळीत, लाटा, कुरळे, भुरभुरीत? टोकं कुठे गेली, आत दडवली की मोकळी? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, हे सगळं कशावर टिकलंय?

हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं. बाल्टिमोरमधली जॅनेट स्टीफन्स नावाची हेअरड्रेसर आहे, इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही, आपल्यासारखीच कात्री कंगव्यावाली. तिने वॉल्टर्स आर्ट म्युझियममध्ये रोमन सम्राज्ञी ज्युलिया डोम्नाचा पुतळा पाहिला, घरी येऊन ती केशरचना पिनांनी करून बघितली आणि ती काही केल्या बसेना. मग लॅटिनमधल्या जुन्या उल्लेखांत शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की तिथला "आकुस" हा शब्द अभ्यासक केसांची पिन म्हणून वाचत होते, पण त्याचा अर्थ सुईसुद्धा होतो. म्हणजे वेण्या शिवलेल्या होत्या, सुईदोऱ्याने! 2008 साली तिचा हा लेख रोमन पुरातत्त्वाच्या एका मोठ्या जर्नलमध्ये छापून आला. हाताला जे कळलं ते पुस्तकवाल्यांना कळलं नव्हतं.

म्हणून टिकण्याचा प्रश्न सोडू नका. 1770 च्या दशकात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि तिचा हेअरड्रेसर लिओनार ऑतिए यांच्यामुळे गाजलेला तो पूफ, म्हणजे आभाळात चाललेली ती उंच रचना, तारेच्या सांगाड्यावर, गाद्यांवर, खोट्या केसांवर आणि चरबीच्या पोमेडवर उभा होता, वर स्टार्चची पावडर. पावडर नुसती पांढरं दिसायला नव्हती, तिने केसांना पकड येते, आपण आज टेक्स्चर पावडर मारतो तेच काम. साधारण 1900 च्या आसपासच्या बायका कंगव्यात निघालेले स्वतःचे केस एका डबीत साठवायच्या, ते गोळा करून जाळीत भरायच्या आणि केसांच्या आत उशी म्हणून ठेवायच्या. गिब्सन गर्ल नावाने जो फुगीर अंबाडा आपण ओळखतो, चार्ल्स डाना गिब्सनच्या चित्रांतला, त्याच्या आत बऱ्याचदा अशी उशी असायची. ती उशी तुम्ही नाही घातली आणि नुसतं बॅककोंबिंग (केस उलटे मुळाकडे विंचरून फुगवणं) करत बसलात तर तासाभरात टाळूवर खड्डा पडणार.

समोरच्या डोक्यावर काय आहे ते बघा

जुनी स्टाईल जुन्या हेअरकटवर बसायची. 1940 च्या त्या गुबगुबीत ब्रश केलेल्या बटांच्या मागे खांद्याच्या वर संपणारा, भरपूर लेयर्सचा, मागे गोलाई दिलेला कट असायचा. तुमच्या मॉडेलचे केस कमरेपर्यंत एकाच लांबीचे असतील तर पूर्ण डोक्याचा तो लुक विसरा, केसांचं वजनच कर्ल ओढून खाली आणेल. अशा केसांना रोमन किंवा 1900 च्या आसपासच्या रचना छान बसतात. बॉबकट किंवा पिक्सी असेल तर 1920 कडे जा. आणि केस मुळात दाट कुरळे असतील तर प्लीज आधी सरळ करून परत कुरळे करायचा उद्योग करू नका, 1780 चा ढग करायला तेव्हाच्या बायकांचे तासन्‌तास जायचे, तुमच्या मॉडेलकडे तो जन्मतः आहे.

केस धुतलेले असावेत पण आदल्या दिवशी. टाळूवर जखम, खाज, खवले असतील तर ओढाताण असलेली कुठलीच स्टाईल नाही, सरळ सांगायचं. रंग लावणार असाल तर 48 तास आधी पॅच टेस्ट (थोडासा रंग कातडीवर लावून अ‍ॅलर्जी होते का बघणं), यात "अगं मी नेहमी लावते" हे ऐकायचं नाही.

आणखी एक. काही वेण्या, काही गुंफणी या "जुनी फॅशन" नसतात, त्या आजही कुणाच्या तरी रोजच्या जगण्याचा, ओळखीचा भाग असतात. तशी रचना घेणार असाल तर तिचं नाव त्यांच्याच भाषेतलं वापरा, कुणाची आहे ते प्रोजेक्टमध्ये लिहा, आणि स्वतःचं नवं नाव देऊन मिरवू नका.

सामान

शेपटीवाला कंगवा, बारीक दातांचा कंगवा, मऊ दाट केसांचा ब्रश, सेक्शन क्लिप्स, पिन कर्लच्या छोट्या एकदाती क्लिप्स (पन्नास तरी घ्या, तीस पुरत नाहीत), बॉबी पिना, यू आकाराच्या पिना, सेटिंग लोशन किंवा फोम, जेल, हेअरनेट, स्प्रे बाटलीत पाणी, हीट प्रोटेक्टंट. शिवणकामवाल्या प्रयोगासाठी बोथट टोकाची मोठी सुई आणि लोकर. डमी खऱ्या केसांची हवी, साध्या सिंथेटिक केसांच्या डमीवर गरम मशीन लावलं की केस वितळतात, आणि तो वास दोन दिवस जात नाही.

बॉबी पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे असते. सरळ बाजू वर. मला हे कोर्सच्या तिसऱ्या महिन्यात कळलं, तोपर्यंत मी पिनेलाच शिव्या घालत होते.

सेटिंग: इथेच सगळं ठरतं

जुन्या बहुतेक लाटा, कर्ल, रोल हे पाण्याने किंवा उष्णतेने सेट व्हायचे. केसाच्या आत काही नाजूक हायड्रोजन बंध असतात, ते पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस सुकला, गार झाला की ज्या आकारात असेल त्या आकारात परत जुळतात. पाणी लागलं की परत सुटतात, म्हणून दमट हवेत कर्ल पडतो. पर्मची, म्हणजे केस कायमचे कुरळे करण्याची, गोष्ट वेगळी, तिथे त्याहून मजबूत बंध तोडतात. कार्ल नेस्लरने 1905-06 च्या सुमारास लंडनमध्ये त्याचं पर्मचं मशीन दाखवलं तेव्हा डोक्यावर वरून टांगलेले जड पितळी रोलर आणि तासन्‌तास बसणं असा प्रकार होता. आपल्याला पर्मची गरज नाही.

पिन कर्ल असा करा. केस ओलसर हवेत, टपकणारे नकोत. साधारण अडीच सेंटिमीटर चौकोनाचं सेक्शन घ्या, सेटिंग लोशन लावून रिबीनसारखं सपाट विंचरा, टोक आधी आत वळवा (टोक बाहेर राहिलं की शेवटी माशाच्या शेपटीसारखं वाकडं दिसतं, आणि ते दुरुस्त होत नाही), मग मुळापर्यंत गुंडाळत या आणि तो चपटा गोल टाळूवर सपाट बसवून क्लिप लावा. पहिली ओळ सगळी घड्याळाच्या दिशेने, दुसरी ओळ उलट दिशेने, तिसरी परत पहिल्यासारखी. या आलटून पालटून दिशेमुळेच विंचरल्यावर लाट पडते. सगळे एकाच दिशेने केले तर मोठा एकसंध वळसा मिळतो, लाट नाही. दोन्ही डमीवर करून बघा, अर्ध्या डोक्यावर हे, अर्ध्यावर ते.

मग पूर्ण सुकू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. हूड ड्रायरखाली (डोक्यावर टोपीसारखा येतो तो) केसांच्या दाटपणानुसार पाऊण तास, तास, कधी जास्त. एक क्लिप मानेजवळची उघडून बघा, जरा जरी गार ओलसर लागलं तरी थांबा. सुकल्यावर अजून पंधरा वीस मिनिटं गार होऊ द्या. घाई केलीत तर सगळं मुसळ केरात.

गरम मशीनने करणार असाल तर केस कोरडे हवेत, हीट प्रोटेक्टंट हवा, बारीक किंवा रंगवलेल्या केसांना 150 डिग्रीच्या आसपास, दाट जाड केसांना 180 पर्यंत, त्याच्या वर जायची वेळ फार क्वचित येते. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने 1870 च्या दशकात गरम चिमट्याने जी लाट काढली, तिला आजही मार्सेल वेव्हच म्हणतात, ती विजेशिवायची होती. चिमटा ज्योतीवर तापवायचा आणि कागदावर टेकवून बघायचा, कागद करपला तर थांबायचं. प्रत्येक गरम कर्ल हातातून सोडायचा नाही, गोल गुंडाळूनच क्लिप लावून गार करायचा.

आता ब्रश. कर्ल उघडले की डोकं मेंढीसारखं दिसतं आणि मुली घाबरून तिथेच थांबतात, बोटांनी थोडं मोकळं करतात आणि स्प्रे मारून मोकळ्या. नाही! खालून सुरू करून पूर्ण ब्रश करा, दहा मिनिटं, निर्दयपणे. आधी सगळं फुगून भयानक दिसेल, तुम्हाला वाटेल संपलं, आणि मग अचानक केस एकमेकांत बसायला लागतात, लाट स्वतःहून दिसते. तिथे हाताने दाबून कडा पक्की करा, हवं तिथे क्लिप लावून ठेवा, मग स्प्रे. सेट नीट सुकलेला असेल तर ब्रशने तो जात नाही. जात असेल तर दोष ब्रशचा नाही, सुकवण्याचा आहे.

आता चार प्रयोग, जुनं ते नवं

फिंगर वेव्ह, 1920 चं दशक. बारीक दातांचा कंगवा, भरपूर जेल, ओले केस. बाजूचा भांग पाडा, केस कपाळापासून मागच्या दिशेला विंचरा. भांगापासून थोडं खाली तर्जनी सपाट दाबून ठेवा, तिच्या खालच्या कडेला कंगवा लावून केस साधारण अडीच सेंटिमीटर पुढे सरकवा, आणि कंगवा न उचलता तसाच आडवा टेकवा. जी घडी वर आली ती तर्जनी आणि मधल्या बोटात धरा. चिमटीने वर ओढू नका, ओढलेली घडी सुकल्यावर फाकते, फक्त सपाट दाबायचं. मग खालचे केस उलट दिशेला विंचरून पुढची घडी. नेट लावून मंद हवेवर सुकवा. पहिले दहा वेळा वाईटच येणार, माझे पंधरा वेळा आले.

हे पूर्ण डोक्यावर केलं की झालं जुन्या पार्टीचं सोंग. आता काढायला लागा. फक्त जड बाजूला, म्हणजे भांगाच्या ज्या बाजूला केस जास्त तिथे, कपाळ ते कान, तीन लाटा ठेवा, बाकी केस कोरडे, मॅट, अगदी सरळ, मागे घट्ट खाली पोनीटेल. लाट चकचकीत आणि बाकी कोरडं, हा फरकच तिला आजचं करतो. केस अगदी छोटे असतील तर 1920 च्या दशकात पॅरिस गाजवणाऱ्या जोसेफिन बेकर या नर्तकीचे फोटो शोधून काढा, डोक्याला चिकटवलेले चमकणारे केस आणि कपाळावर, गालावर एखादी गोल चिकटवलेली बट, त्यातली एकच बट उचला. एकच. तीन उचलल्या की परत नाटक.

रोमन शिवणकाम. केस मधोमध आडवे विभागा, पुढचे बाजूला ठेवा. मागच्या केसांच्या चार पाच साध्या वेण्या घाला, टोकं बारीक रबराने बांधा. वेण्या एकमेकींभोवती चक्रासारख्या गुंडाळून अंबाडा रचा. बोथट सुईत लोकर ओवा, पहिला टाका एका वेणीच्या मुळाशी गाठ मारून, मग वेणी ते वेणी असे टाके घेत जा. टाका वेणीतून जातो, टाळूच्या कातड्याजवळ सुई न्यायचीच नाही, दुसरा हात आत ठेवून सुईचं टोक बोटाला लागतंय ना बघत जायचं. लोकर केसांच्या रंगाच्या जवळची पण तंतोतंत तीच नको, कारण शेवटी कात्रीने हे टाके कापायचेत आणि रंग एक असला की लोकरीऐवजी केस कापले जातात.

हा अंबाडा दिवसभर नाचलात तरी हलत नाही, शिवाय पिना टोचत नाहीत, म्हणून डोकं दुखत नाही. आजचं करायचं तर पुढची ती कुरळ्यांची कमान पूर्ण सोडून द्या. पुढे मधला भांग, गुळगुळीत, आणि लोकर उलट मुद्दाम वेगळ्या रंगाची घ्या, तांबडी, निळी, टाके दिसू द्या. मी काळ्या केसांवर पिवळ्या लोकरीचे टाके घातले होते आणि माझ्या सगळ्या पोर्टफोलिओत लोक त्याच फोटोवर थांबतात. जी गोष्ट दोन हजार वर्षं लपून राहिली तीच वर आणली, बाकी काही केलं नाही. याला मी खरं मॉडर्न म्हणते. किंवा कमान ठेवा आणि अंबाडा काढा, कपाळावर दाट कुरळे आणि मागे केस मोकळे सरळ, कुरळे केस असलेल्या मॉडेलवर हे भन्नाट दिसतं.

1780 चा ढग. तेव्हा बट कागदात त्रिकोणी गुंडाळून तापलेल्या चिमट्याने दाबायचे, पापिलोट म्हणतात त्याला. आज कागदाऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉइल. बारीक बट दोन बोटांवर चपटी गुंडाळा, फॉइलच्या तुकड्यात घडी करून बंद करा, स्ट्रेटनरने पाच सहा सेकंद दाबा, सोडा. फॉइल भाजतं, गार होईपर्यंत हात लावू नका आणि मॉडेलच्या कानाला, मानेला टेकणार नाही हे बघा. सगळं गार झालं की उघडून मोठ्या दातांच्या कंगव्याने विस्कटा. जो भुरभुरीत आडवा ढग मिळतो तो कर्लरने मिळतच नाही. पूर्ण ऐतिहासिक करायचं तर खाली मानेवर दोन लांब वळलेल्या बटा सोडायच्या आणि पावडर. ती पावडर 1795 साली ब्रिटनमध्ये इतकी चालू होती की सरकारने तिच्यावर वर्षाला एक गिनी (तेव्हाचं ब्रिटिश सोन्याचं नाणं) कर बसवला आणि मग लोकांनी ती लावणं भराभर सोडलं. आजच्यासाठी मानेवरच्या बटा गेल्या, पावडर गेली, उंची गेली, फक्त कानांच्या बाजूची रुंदी ठेवा आणि मागचे केस आत दुमडून छोटे भासवा. जीन्स टी-शर्टवर जातो हा लुक.

1940 चा रोल. माझा पहिला रोल परीक्षकांच्या समोर घसरून मॉडेलच्या डोळ्यावर आला होता, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. चुका तीन होत्या: केस त्याच सकाळी कंडिशनर लावून धुतलेले, मुळाशी पाया नाही, आणि पिना रोलच्या कातडीत खुपसलेल्या, टाळूच्या केसांत नाहीत. तर असं करा. भांगापासून कानामागपर्यंतचा तुकडा घ्या. त्याच्या मुळाशी, मागच्या बाजूला, छोटी वेणी किंवा चपटा पिन कर्ल घालून त्यावर दोन पिना फुलीसारख्या मारा, हा तुमचा खुंटा. मग तुकडा सरळ वर धरून मुळाशी आतल्या बाजूने हलकं बॅककोंबिंग, कंगवा फक्त मुळाकडे ढकलायचा, वर खाली घासायचा नाही, तीन वेळा पुरे. वरचा पापुद्रा गुळगुळीत करा. टोक दोन बोटांवर गुंडाळून आत पोकळी ठेवत मुळापर्यंत आणा, रोलच्या पोकळीतून पिन आत घालून खुंट्यात अडकवा, आधी मागून, मग पुढून. पिन आत जाताना थोडे टाळूजवळचे केस उचलून, उलटी फिरवून मग ढकलायची, तिथे तिला पकड मिळते. हात सोडा. डोकं हलवायला सांगा. हललं तर उलगडून परत, वरून अजून पिना मारू नका.

नवं करताना दोन रोल सममितीत नकोत, डोळा लगेच तारीख सांगतो. एकच रोल, तोही कपाळावर नाही, टाळूच्या मागे आडवा, आणि त्याखाली केस मोकळे. किंवा रोल ठेवायचाच नाही, मागचे ब्रश केलेले वळण ठेवायचे आणि एक बाजू कानामागे घट्ट. व्हेरोनिका लेक नावाच्या नटीची एका डोळ्यावर येणारी लाट आठवा, दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातल्या बायका तिची नक्कल करायच्या आणि केस मशीनमध्ये अडकायची भीती, म्हणून अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून तिने केस वर बांधून फोटो दिले. म्हणजे त्या काळातही एकच माणूस दोन्ही होता, मोकळी लाटही आणि बांधलेला रोलही, त्यामुळे तुम्ही दोन्ही मिसळलं तर कुणी इतिहासाचं पुस्तक घेऊन अंगावर येणार नाही.

बीहाइव्हबद्दल थोडक्यात: शिकागोजवळच्या मार्गारेट विंची हेल्टने 1960 साली एका सलून मासिकासाठी ती केली, आणि ती बॅककोंबिंगची खाण आहे. आज अर्धीच उंची, आत छोटी स्पंज उशी, वरचा थर विस्कटलेला, भांग दिसेल असा. बस. त्यानंतर विडाल ससूनने 1963 मध्ये अभिनेत्री नॅन्सी क्वानचा तो तिरका बॉब कापला आणि सगळा भार रचनेवरून कात्रीवर आला, तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यात सेटिंग नाही, नुसती अचूक रेघ.

काढायचं कसं ते ठरवताना

माझी रीत अशी. पूर्ण ऐतिहासिक डमी तयार झाली की फोटो काढते. मग एक गोष्ट काढते, परत फोटो. दागिना, रिबीन, फूल आधी जातं. मग सममिती. मग चकाकी किंवा मॅट, जे त्या काळी असेल त्याच्या उलट. मग लांबी मोकळी करते. पाच सहा फोटो शेजारी लावले की एक फोटो असा असतो की जिथे काळ अजून कळतोय पण माणूस आजचा वाटतोय. त्याच्या पुढचा फोटो नुसता साधा अंबाडा होतो. त्या दोघांच्या मधली रेघ हीच तुमची नजर, आणि ती प्रत्येकाची वेगळी पडते, माझ्या मॅडम माझ्याहून एक फोटो आधी थांबतात आणि आमचं त्यावरून अजून भांडण आहे.

मेकअप कपडे साधे ठेवा. केसात जुना काळ आणि ओठांवर पण जुना काळ असं दोन्हीकडून ओढलं की झालंच परत. फोटो चारी बाजूंनी, मागचा तर नक्की, साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात. सोबत कागदावर लिहून ठेवा: मूळ चित्र कुठलं, कोणती एक खूण घेतली, किती सेक्शन, किती पिना, किती वेळ लागला. पिना खरंच मोजा, कारण शेवटी तेवढ्याच बाहेर काढायच्यात.

आणि ते उतरवणं पण तुमचंच काम, मॉडेलला तसंच घरी पाठवू नका. शेवटी लावलेली पिन आधी काढा, खालून वर या. शिवलं असेल तर लोकर फक्त दिसेल तिथे कापा, ओढा, परत कापा. बॅककोंबिंग केलेल्या भागाला आधी कंडिशनर किंवा थोडं तेल, मग बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून मुळाकडे. माझी एक पिन एकदा राहिली होती, मैत्रिणीला ती रात्री उशीवर डोकं टेकल्यावर सापडली, आणि नंतर मला पार्सलने परत आली.